मावळतीचे रंग आणि आंधळी काच

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दींजवळ, सह्याद्रीच्या माथ्यालगत कुडपण हे गाव आहे. पाऊस ओसरला की हवा स्वच्छ होते. मग सूर्य कोकणाच्या बाजूला कलला की एकामागे एक उभ्या डोंगरकडा जांभळ्या होत जातात. आज हे दृश्य कोणीही खिशातल्या फोनने टिपतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ते टिपता आले नसते आणि त्याला कारण होते रसायनशास्त्र.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. त्या काळी फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत रूढ होत होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. आपल्या हवेत काच काही मिनिटांतच सुकू लागते. म्हणजे घाट चढताना काळोख्या खोलीचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्याही पाठीवर हव्यात!

पण एवढे करूनही मावळती हाती लागली नसती. चांदीचे हे क्षार निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. सुमारे ५०० नॅनोमीटरच्या पुढे ती काच जवळजवळ आंधळी असते. आता हवेचे पाहू. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवून दिले, की प्रकाशाचे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. क्षितिजावरच्या सूर्याचे किरण, तो डोक्यावर असतानाच्या तुलनेत, अडतीसेक पट हवा ओलांडून येतात. वाटेत निळा प्रकाश गळून जातो आणि उरतो तो नेमका काचेला न दिसणारा!

दुपारी गोष्ट उलटी. निळ्या आकाशाने काच इतकी काळवंडे, की छापलेल्या चित्रात आकाश कोरे, पांढरे येई. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या काही चित्रांत पाण्याची एक व आकाशाची दुसरी अशा दोन काचा जोडून छाप काढले. पुढे अनेक छायाचित्रकार ढगांच्या काचा साठवूनच ठेवत. म्हणून जुन्या चित्रातल्या कोऱ्या आकाशावरून 'त्या दिवशी आभाळ निरभ्र होते' असे विद्यार्थ्यांना सांगण्यापूर्वी शिक्षकांनी जरा थांबावे. ढग असलेले आभाळही उसने असू शकते.

ही उणीव सर्वांत जास्त जाणवली १८८३ मध्ये. क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जगभर विलक्षण तांबड्या संध्याकाळी दिसल्या. छायाचित्रण तेव्हा चांगले रुळलेले होते. तरीही त्या रंगांची नोंद केली ती लंडनमधल्या चेल्सीत टेम्सकाठी बसून रंगीत खडूंनी चित्रे काढणाऱ्या विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराने. रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात त्याची चित्रे आहेत. शास्त्रज्ञांना चित्रकाराच्या डोळ्यांवर विसंबावे लागले, हे आम्हाला तरी कमीपणाचे वाटत नाही.

यातून सुटण्याची वाट खरे तर १८७३ मध्येच सापडली होती. बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आले, की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळले तर ते शोषते त्या प्रकाशालाही चांदीचा क्षार प्रतिसाद देऊ लागतो. आधी हिरवा-पिवळा प्रकाश काचेच्या आवाक्यात आला. लाल मागेच राहिला. इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये सर्व रंगांना संवेदनशील काचा बाजारात आणल्या, तेव्हा कुठे तो आला. यासाठी छायाचित्रकाराला एक किंमत मोजावी लागली. काळोख्या खोलीतला तांबडा दिवा या काचांना चालत नसे. काम पूर्ण अंधारात, चाचपडत!

आजच्या फोनला लाल रंग उत्तम दिसतो. पण प्रकाशाची झाक आपोआप काढून टाकण्याची सोय, म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स, मावळतीचा तांबूसपणाही दोष समजून कमी करू शकते. शाळेची सहल कुडपणला किंवा जवळच्या कुठल्याही टेकडीवर गेली, तर एकच दृश्य दोनदा टिपावे, एकदा ऑटोवर व एकदा दिवसाच्या उजेडासाठी असलेल्या सेटिंगवर. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, डोळ्यांना दिसला तो रंग कोणत्या चित्रात आहे, हे मुलांना विचारावे.