बॅगेतलं विसरलेलं काडतूस

मंडळी, समजा बॅग काकांची, बंदुकीचं लायसन्सही काकांचंच. बॅग घेऊन तुम्ही विमानतळावर, आणि एक्स-रेमध्ये आतल्या कप्प्यात एक जिवंत काडतूस दिसतं. तुम्हाला पत्ताच नाही! मग तुम्ही गुन्हेगार का?

थोडं मागे जाऊ. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. भेदभाव गेला, पण परवान्याशिवाय साधं काडतूस बाळगणं हाही गुन्हाच राहिला.

आता 'बाळगणं' म्हणजे नक्की काय? १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव हवी आणि तिच्यावर ताबाही हवा. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने टाडाच्या कलमालाही हीच जाणिवेची अट लावली. याच आधारावर हायकोर्टांनी एकट्या काडतुसाच्या कितीतरी एफआयआर रद्द केल्या आहेत.

म्हणजे सुटलो? छे! जाणीव होती की नव्हती, हे कोर्टात ठरतं. स्कॅनरला दिसतं ते फक्त काडतूस. तोवर फ्लाइट गेलेली, पोलीस स्टेशन, वकील, तारखा... शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा एका वर्षाची दोन वर्षं झाली.

तेव्हा उसनी बॅग भरण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटका. कायदा विसरभोळ्याला सोडतो, पण सावकाश.