पोस्टरवर न येणाऱ्या अटी: कमला सोहोनी आणि अ‍ॅना मणी

८ मार्च जवळ आला की तुमच्याही डिपार्टमेंटच्या ग्रुपवर ते पोस्टर येत असेल. कमला सोहोनी, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. खाली एक ओळ: सर सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, पण त्यांनी जिद्दीने यश मिळवलं. फॉरवर्ड करायला छान आहे. पण तुम्ही संशोधनात यायची तयारी करताय, तेव्हा ही गोष्ट जरा संशोधकासारखी वाचू या.

सुरुवात 'पहिल्या' या शब्दापासून. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ साली मिळाली होती. सोहोनींची केंब्रिजची पीएचडी १९३९ ची. म्हणजे पदवीचं नाव काटेकोरपणे 'पीएचडी' धरलं तरच तो मान सोहोनींना जातो, 'डॉक्टरेट' म्हटलं की गणित बदलतं. यात सोहोनींचं काहीच कमी होत नाही. पण सिनॉप्सिसमध्ये 'हा या विषयावरचा पहिलाच अभ्यास आहे' असं लिहिण्याची आपल्याला जी हौस असते, तिच्यासाठी हे उदाहरण हाताशी ठेवा.

आता १९३३. कमला भागवत (सोहोनी हे लग्नानंतरचं आडनाव, आणि लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या बहीण) मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. अर्ज नाकारला गेला. गुण कमी पडले नव्हते, अर्जदार मुलगी होती एवढंच कारण. वडील आणि काकांची रदबदलीही चालली नाही. कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसल्या.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पोस्टर इथे संपतं आणि आपलं काम इथे सुरू होतं. अटी अशा: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून धरलं जाणार नाही, संचालकांचं समाधान झाल्याशिवाय कामाला मान्यता नाही, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट पुन्हा वाचा. दुसऱ्याचं लक्ष उडालं तर जबाबदार कोण, हे तिथे आधीच ठरवून टाकलं आहे. आणि दुसऱ्या अटीत कामाची कसोटी कुठेच सांगितलेली नाही, एका माणसाचं समाधान हीच कसोटी. गाईडच्या मर्जीवर ज्यांचं सहा-सहा महिने अडतं त्यांना हे वेगळं समजवायला नको.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, आणि पुढे संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी., मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. (पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारं हे प्रथिन. नेट-सेटवाल्यांना चांगलंच ओळखीचं.) चौदा महिन्यांत काम पूर्ण, थिसिस चाळीस पानांचा. आपल्याकडे तेवढी पानं प्रस्तावनेलाच लागतात. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेल्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र बऱ्याच उशिरा हाती आलं. बंगळुरूचा अपमान त्या विसरल्या नव्हत्या. उतारवयात जाहीर कार्यक्रमात त्यांनी तो बोलून दाखवला.

आता त्याच संस्थेतली दुसरी गोष्ट, जिचं पोस्टर क्वचितच निघतं. केरळच्या अ‍ॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. विषय हिरे आणि माणकं यांचा वर्णपट. तीसहून जास्त हिरे त्यांनी तपासले. एकेका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागायचा, त्यामुळे रात्री लॅबमध्येच जायच्या. १९४२ ते १९४५ मध्ये पाच शोधनिबंध त्यांच्या एकटीच्या नावावर. १९४५ मध्ये थिसिस सादर झाला. तेव्हा संस्थेतल्या कामाला पदवी मद्रास विद्यापीठ द्यायचं. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एम.एस्सी. नाही. ऑनर्सची पदवी होती, संशोधनाची शिष्यवृत्ती होती, पाच पेपर होते. पदवी मिळाली नाही, पुढेही कधी नाही. तो थिसिस बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर थिसिसांसारखाच बांधून ठेवला आहे. त्याच्याकडे पाहून काही कळत नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पहिलीत नकार उघड होता आणि देणारा माणूस समोर होता, त्यामुळे त्याच्या दारात अडून बसता आलं. दुसरीत नकार नियमातून आला, आणि नियमाच्या दारात बसणार कसं? म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हा नियम कागदोपत्री स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखाच होता, असंही कोणी म्हणेल. पण ज्या लॅबमध्ये मुलामुलींनी एकमेकांशी बोलणंही रामन यांना खपत नव्हतं, तिथे कुठल्या नियमाला कोण अडेल आणि अडल्यावर कोणासाठी कोण शब्द टाकेल, हे सगळ्यांना सारखं नसतं.

पुढचा भाग आपल्या पुण्यातला आहे. इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचं प्रशिक्षण घेऊन मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. वाघोलीहून नगर रस्त्याने शिवाजीनगरला गेलात तर ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, ते हेच खातं. तेव्हा साधी उपकरणंही बाहेरून आणावी लागत. १९५३ मध्ये त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, हाताखाली १२१ पुरुष. जवळपास शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं तयार झाली आणि ती इथेच बनू लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. ती आकडेवारी १९८० च्या सुमारास ग्रंथरूपाने आली. सौरऊर्जेवर काम करणाऱ्याला तिथून पुढे जावं लागतं. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. नावामागे 'डॉ.' नाही, त्यामुळे 'पहिली महिला पीएचडी'च्या कुठल्याच यादीत त्या सापडणार नाहीत.

आजचे नियम? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत महिलांना पीएचडीच्या मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. मोठा बदल आहे, नाकारायचं कारण नाही. पण बालसंगोपनाची रजा फक्त बाईला दिली, की मूल सांभाळणं हे बाईचं काम हेही त्याच ओळीत लिहिलं गेलं. पेट देऊन प्रवेश घ्याल तेव्हा विषय आणि गाईड यांच्यासोबत विद्यापीठाचं पीएचडीचं नियमपत्रकही मागून घ्या. रजेच्या काळात फेलोशिप चालू राहते का, हे लेखी विचारा. मुलग्यांनीही विचारा.