मुकादमाविना खाती
गिरणीत कताई, विणाई, रंगाई ही खाती मालक पाडतो; वरून कोणी आखल्याविना काम चालत नाही, हे आम्हां मजुरांनी जन्मभर ऐकले. पण अन्न मोडून नवे घडवणाऱ्या पेशीतील चयापचयालाही खाती असतात! २००२ साली बाराबाशीप्रभृतींनी ४३ जीवांत ती दाखवली. तेथे ना मालक, ना मुकादम. मग पाडली कोणी? २००७ साली इस्रायलमधील पार्टर, काश्तान व अलोन यांनी ११७ जंतू ताडून पाहिले. नाना परिस्थितींत जगणाऱ्यांची खाती सरासरीने स्पष्ट, एकाच आसऱ्याला राहणाऱ्यांची पुसट. त्यांचा तर्क असा, की परिस्थिती पालटली तर एक खाते बदलते, बाकीची शाबूत राहतात. मावा किडीच्या पेशींतल्या आयत्या आसऱ्यात बुकनेरा जंतूने बहुतेक जनुके गमावली. किडीला लागणारी अमिनो आम्ले मात्र तो अजून बनवतो.