शेंडा, फांदी आणि काळ : छाटणीचा छोटा इतिहास

आज पोथीपासून नाही, दारातल्या झाडापासून सुरुवात करू. भाईंदर पश्चिमेला आमच्या संकुलात आम्ही रहिवाशांनी एक ताम्हण लावलं. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल. गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीला माणसं आली आणि मोठ्या झाडांबरोबर या तीन वर्षांच्या पोराचाही शेंडा उडवून गेली. आम्ही हटकलं, तर म्हणाले, "वाढेल की परत!"

वाढलं खरं. पण एका शेंड्याच्या जागी चार फुटवे आले, एकाच ठिकाणाहून, एकमेकांना रेटत. अशा फांद्यांचा सांधा कच्चा राहतो आणि जुलैच्या वाऱ्यात झाड तिथेच फाटतं. तेव्हा प्रश्न असा, की झाडाचं काय परत येतं आणि काय येत नाही? हा प्रश्न बराच जुना आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा कमीत कमी, असं तो सांगतो. जवळ लावलेली झाडं एकमेकांना भिडतात, मुळं गुंततात आणि ती नीट फळत नाहीत. वीस हात म्हणजे साधारण तीस फूट. आपण कंपाउंडच्या भिंतीला खेटून रोप लावतो आणि मग फांद्या आड येतात म्हणून कुरकुरतो. रोगी झाडाचा बिघडलेला भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप लावावा, असंही तो म्हणतो. म्हणजे इथे कापणारा माणूस वैद्य आहे.

आता रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' बघा, १७१५ च्या सुमाराचं. आरमाराला लाकूड हवं आहे, आंबा-फणसही उपयोगाचे आहेत. तरी त्यांना हात लावू देऊ नये, असं त्यात बजावलं आहे. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं, जबरदस्ती नको. इथे लाकडाची किंमत दुय्यम आहे. झाडात कुणाची तरी वर्षं साठलेली आहेत, हा मुद्दा आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात आणखी एक वाद झाला. भातशेतकरी ऐनासारख्या झाडांचा टहाळ तोडून, वाळवून, रोपं करायच्या जमिनीवर जाळायचे. यालाच राब म्हणतात. इंग्रजांच्या वनखात्याला ही नासाडी वाटली, शेतकऱ्यांना तो आपला हक्क वाटला. ठाणे-कुलाब्यातल्या अशा गाऱ्हाण्यांसाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. कोयता तोच, पण एकाला त्यात शेती दिसते, दुसऱ्याला नाश. आम्हाला यात एक कसोटी सापडते. कापणाऱ्याला त्याच झाडाकडे परत यायचं आहे का? राब करणाऱ्याला यायचं असे. मे महिन्यातल्या ठेकेदाराच्या माणसाला नसतं.

१९७५ साली शहरी भागांसाठी वृक्ष संरक्षणाचा कायदा आला. तोडणं, जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं त्यात 'तोडणे' या शब्दात बसतं. आपली नगर परिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची. म्हणजे हा कायदा शहराहून वयाने मोठा आहे. म्हणून फांदीला करवत लावण्याआधी महापालिकेत विचारा.

आणि विज्ञान? अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. जखम आत राहतेच. लेपाने ती सांधत नाही. छोटी जखम लवकर झाकली जाते, मोठीला वर्षं लागतात आणि तेवढ्यात कूज शिरते.

म्हणूनच लहानपणची छाटणी महत्त्वाची. पहिलं वर्ष फक्त मोडकं-वाळकं काढा आणि पाणी घाला. पुढे एक सरळ शेंडा राखा. त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी बोटाएवढी असतानाच काढा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं, ते न दुखवता त्याच्या अगदी बाहेर कापा. पण खुंटही ठेवू नका. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पाला काढू नये. ताम्हण नव्या फुटीवर फुलतं, म्हणून छाटणी थंडी सरताना करावी. चूक आमचीही झाली होती. आधाराच्या काठीची तार वेळेवर सैल केली नाही आणि ती सालीत रुतली. तो वळ अजून दिसतो.

आता चार फुटव्यांतला सर्वांत सरळ फुटवा आम्ही राखला आहे. एक काढला, उरलेले दोन टप्प्याटप्प्याने काढू. झाड परत वाढेल; गेलेली तीन वर्षं मात्र परत येणार नाहीत. आमच्या वयाला हा हिशेब जरा जास्तच कळतो. पुढच्या मे महिन्यात माणसं येतील, तेव्हा आम्ही ताम्हणाखाली खुर्ची टाकून बसणार आहोत.

चला, आता प्रश्न घेऊ या.