‘नाशिकची मुले’ आणि ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ : शोधमोहिमेच्या वार्तेचा एक विचार

शोधमोहिमांच्या इतिहासलेखनात वृत्तपत्र हे साधन दोन परींनी उपयोगी पडते. एखादी घटना लोकांना केव्हा व कोणत्या रूपात कळली हे त्यावरून ठरविता येते. त्या घटनेतील कोणाला नाव मिळाले आणि कोण निनावी राहिले, हेही त्यातच दिसते. पहिल्या अंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याचा विचार प्रस्तुत टिपणात महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे डेव्हिड लिव्हिंग्स्टन याची आफ्रिकेतील अखेरची मोहीम (१८६६–१८७३), तिला अमेरिकन वृत्तपत्राने दिलेली प्रसिद्धी आणि त्या मोहिमेतील नाशिकचे तरुण.

(१)

अमेरिकन वृत्तपत्रांचा शोधमोहिमांशी संबंध जुना आहे. ल्यूइस व क्लार्क यांची पश्चिमेकडील मोहीम २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईस येथे परतली, तेव्हा तिचे पहिले सविस्तर वृत्त क्लार्कने आपल्या भावास धाडलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याचा मसुदा ल्यूइसने केला होता. केंटकीतील ‘पॅलॅडियम’ पत्राने ते ऑक्टोबरमध्ये छापले व इतर पत्रांनी त्यावरून उचलले. म्हणजे त्या काळी मोहीम सरकारची असे आणि वृत्तपत्र हाती आलेले पत्र छापीत असे.

साठ-पासष्ट वर्षांत हे नाते पालटले. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा धाकटा जेम्स गॉर्डन बेनेट याने १८६९ मध्ये हेन्री स्टॅन्ले या बातमीदाराला लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ नेमले. आता मोहीमच वृत्तपत्राच्या खर्चाने निघाली; बातमीची वाट न पाहता ती घडवून आणावयाची, असा हा प्रकार होता. स्टॅन्ले १८७० च्या ऑगस्टमध्ये मुंबईस पोचला, ऑक्टोबरमध्ये तेथून मॉरिशसकडे निघाला आणि जानेवारी १८७१ मध्ये झांझिबारला उतरला. त्याच्या नोंदीप्रमाणे १० नोव्हेंबर १८७१ रोजी उजीजी येथे त्याची व लिव्हिंग्स्टनची भेट झाली. ही वार्ता ‘हेरल्ड’मध्ये जुलै १८७२ मध्ये झळकली. काही इंग्रजी पत्रांनी आरंभी तिच्याविषयी शंका घेतली. ती अगदीच अकारण नव्हती. कारण सोबतच्या मुसा नावाच्या नायकाच्या सांगण्यावरून १८६७ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची बातमी सर्वत्र छापली गेली होती, आणि यंग याच्या शोधपथकाने ती खोटी ठरविली होती.

(२)

हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकांना मुंबई इलाख्यात आणले जाई. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या शरणपूर येथे त्यांतील कित्येकांचे पालनपोषण झाले. तेथे त्यांना इंग्रजी लेखन-वाचन आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविले जात. सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचा त्याला पाठिंबा होता. त्याने नाशिकला जाऊन स्वेच्छेने येण्यास तयार असलेल्या नऊ तरुणांना बरोबर घेतले.

या मंडळींचे सरसकट गुणगान करण्याचे कारण नाही. लिव्हिंग्स्टनने त्यांच्या आळसाविषयी व बेशिस्तीविषयी कडक शब्दांत लिहिले आहे. काहींनी साथ सोडली, काही वाटेत मरण पावले, आणि १८७१ मध्ये उजीजी येथे त्यांतील थोडेच त्याच्यापाशी होते. परंतु ही तक्रार धन्याने लिहिलेली आहे, हेही विसरता येत नाही.

(३)

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष येथे नामकरणाकडे वेधते. या तरुणांची जन्मनावे गुलामगिरीत बहुधा मागे पडली. शरणपुरात त्यांना मिळालेल्या नावांत प्राइस, फॅरार, आयझेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावे आढळतात. पुढे प्रवासवर्णनांतून व वृत्तपत्रांतून तीही मागे सरली आणि ‘नाशिकची मुले’ एवढीच ओळख उरली. ग्रामनामाचे येथे जातिवाचक विशेषण झाले. आणि प्रौढ पुरुषांस ‘मुले’ म्हणण्यात वयाचा नव्हे, तर दर्जाचा निर्देश आहे.

वार्तेची वाक्यरचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘हेरल्ड’च्या वार्तेत शोधणे, गाठणे, सोडविणे या क्रियांचा कर्ता एकवचनी आहे. ओझी वाहणारे, दुभाषे, वाटाडे हे करण आहेत. ज्यांच्याकरवी काम झाले, असे. वार्ता खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे. उलट, ‘हेरल्ड’ने छापलेल्या लिव्हिंग्स्टनच्या पत्रांमुळे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लोकमत तयार होण्यास साहाय्य झाले, आणि १८७३ मध्ये फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. वृत्त खरे असूनही त्यातील कर्तृत्वाची वाटणी एकांगी असू शकते, एवढाच येथे मुद्दा आहे.

(४)

ही वाटणी पारखून घेण्यास सुदैवाने एक साधन उपलब्ध आहे. १८७२ मध्ये आलेल्या नव्या तुकडीत जेकब वेनराइट हा शरणपूरचा विद्यार्थी होता. मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे हृदय तेथेच झाडाखाली पुरण्यात आले. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. नंतर सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली या मंडळींनी मृतदेह हजार मैलांहून अधिक अंतर वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस त्यांच्यापैकी एकटा वेनराइट हजर होता. सुसी व चुमा पुढे इंग्लंडात आले. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लेही होता. इंग्रजी पत्रांनी वेनराइटला इमानी सेवक म्हणून गौरविले.

परंतु तो केवळ सेवक नव्हता, लेखकही होता. त्याने ठेवलेली रोजनिशी १८७४ मध्येच जर्मन भाषांतरात पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकात आली. तिचे मूळ इंग्रजी हस्तलिखित मात्र २०१९ मध्ये प्रकाशित झाले. मधली जवळजवळ दीडशे वर्षे इंग्रजी वाचकाने ही कथा मुख्यतः इतरांच्या मुखातून ऐकली.

झाडावरील लेखाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीकडे आहे. त्यात लिव्हिंग्स्टनचे नाव व तारीख यांबरोबर तीन आफ्रिकन सहकाऱ्यांची नावे आहेत; कोरणाऱ्याचे स्वतःचे नाव नाही. ‘हेरल्ड’च्या एकवचनी कर्त्याशेजारी हा लेख ठेवून पाहिला, म्हणजे एकाच मोहिमेचे दोन वृत्तांत किती भिन्न असू शकतात ते ध्यानात येते. शोधमोहिमांच्या वार्तांचा अभ्यास करणाऱ्यांनी तारखा पडताळून थांबू नये. वाक्यातील कर्ता कोण, करण कोण आणि कोणाचे नाव समूहवाचक शब्दात लोपले, याचीही नोंद त्यांनी करणे अगत्याचे आहे. नाशिकच्या शरणपुराचा इतिहास मराठीत लिहिताना तर या कसोटीवाचून चालणार नाही.