दौंडची मोरी

दौंडमधून कुरकुंभला निघाले की वाट रेल्वेखालून जाते. तिला सगळे दौंडकर कुरकुंभ मोरी म्हणतात. 'भुयारी मार्ग' हा कागदावरचा शब्द, रिक्षावाल्याला 'मोरीपाशी सोड' एवढे सांगितले की पुरते. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली, आणि त्यात मोरीचा अर्थ पाणी वाहून जाण्याची जागा असाच आहे. न्हाणीच्या कोपऱ्यातली ती मोरी, आणि बांधाखालून पाणी काढून द्यायची तीही मोरीच. कोशानंतर वर्षभरात दौंडला रेल्वे आली. एका नावावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. भरावाखालचे भोक म्हणजे पाण्याची वाट, अशी इथल्या लोकांची समजूत असावी, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते. आज त्याच भोकातून पाणी, ट्रक, शाळेची पोरे आणि सिद्धटेकला निघालेले भाविक सगळेच जायला बघतात.

हा गुंता कसा तयार झाला, ते तारखांच्या आधाराने मांडता येते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उद्घाटनांच्या यादीत खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८चा आहे. पुणे ते डिकसळ हा त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरचा. दौंड याच तुकड्यावर येते. त्यापुढचा डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा तुकडा २३ ऑक्टोबर १८५९ला सुरू झाला. या तारखा शेजारी ठेवल्या की दिसते ते असे: पुण्यानंतर सहा महिन्यांतच डिकसळपर्यंतची लांब मजल सुरू झाली, आणि मग दहा महिने गाडी डिकसळलाच थांबत राहिली. डिकसळच्या पुढे भीमा आडवी येते. कामाचा वेग नदीने ठरवला असावा, असा अंदाज या यादीवरून बांधता येतो.

मोठ्या नदीवर पूल बांधताना इंजिनियरांनी थांबून मोजले, विचार केला असेल. लहान ओढ्यांच्या वाट्याला एवढी फुरसत आली नसावी. १८५८ साली भारतातल्या पुराचा अंदाज बांधायचे सूत्र कोणाच्याच हातात नव्हते. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पूर काढायचे डिकन्सचे सूत्र १८६५चे, राइव्ह्जचे १८८४चे. आपल्या सह्याद्रीकडच्या नद्यांसाठी क्लॉड इंग्लिस यांनी सूत्र बसवले ते १९३०च्या सुमाराला, आणि ते नाव पुण्याजवळच्या खडकवासल्यातल्या संशोधन केंद्राशी जोडलेले आहे. म्हणजे पुणे-डिकसळ भरावाखाली जी भोके ठेवली, ती पहिल्या सूत्राच्याही सात वर्षे आधीची. त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांनी जे डोळ्यांना दिसले त्यावरून अंदाज बांधला. पण दीडशे वर्षांनंतर त्याच मापावर विसंबून राहणे ही आपली चूक ठरेल.

दौंडच्या गळ्यात दुसरा भराव पडला तो दुष्काळात. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात सरकारने लोकांना काम म्हणून दौंड-मनमाड रेल्वेची मातीकामे काढली. हा १४५ मैलांचा मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच काळात मजुरी कमी केली म्हणून दख्खनमधल्या मजुरांनी १८७७च्या सुरुवातीला दुष्काळी कामांवरून उठून निषेध केला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाची जी वृत्ते प्रसिद्ध केली, ती वाचली की या भरावाकडे नुसती माती म्हणून बघवत नाही. एकेक पाटी अर्धपोटी माणसांनी वाहिली आहे. ज्या वर्षी पाऊस नव्हता त्या वर्षी बांध उभा राहिला, आणि पाण्याला अडवायचे काम तो तेव्हापासून करतो आहे.

आता गावाची जमीन बघा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला कुरकुंभचा चढ. चढावरचे पावसाचे पाणी नदीकडे निघते आणि मध्ये रेल्वेचा भराव लागतो. भरावाला जिथे भोक असेल तिथेच ते जाणार. रस्ताही तिथेच, कारण रूळ ओलांडायला तीच जागा. रेल्वेखालून जायचे तर रस्ता खाली उतरवावा लागतो, आणि उतरवलेला रस्ता म्हणजे पाण्याच्या दृष्टीने खड्डाच. पाऊस जोराचा झाला की मोरीत पाणी साचते, दुचाकीवाले पाय वर घेऊन पहिल्या गिअरमध्ये गाडी काढतात, आणि मधेच कोणाचे तरी इंजिन बंद पडते.

हा पट्टा कमी पावसाचा. त्यामुळे इथल्या गटारांना कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि घात तिथेच होतो. १४ ऑक्टोबर २०२०च्या पावसात दौंड तालुक्यातल्या खानोट्याजवळ ओढा ओलांडताना दुचाकींवरचे चार जण वाहून गेले. २५ मे २०२५ला, मृग निघायच्या आधीच, दौंड-बारामती-इंदापूर पट्ट्यात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटला आणि पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी आले.

टँकरचा हिशेब इथे सगळ्यांना कळतो, म्हणून त्यातच सांगतो. एक हेक्टर पक्की जमीन, म्हणजे डांबर, काँक्रीट, पत्रे. तिच्यावर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी होते, पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे ५० टँकर एका तासात एका हेक्टरवरून येतात. मोरीच्या दोन्ही बाजूंचे उतार आणि त्यांना येऊन मिळणारे रस्ते किती हेक्टरांचे आहेत, हे मोजल्याशिवाय मोरीचा रस्ता नव्याने करण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने २०१९ साली शहरांतल्या पावसाळी पाण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. हा हिशेब कसा करायचा ते तिच्यात आहे.

दौंडला आणखी एका मोरीची मागणी आणि तिचे काम वर्षानुवर्षे बातम्यांत राहिले. चालू रेल्वेखाली अशी मोरी करायची पद्धत आहे ती बघण्यासारखी. भरावाच्या कडेला खड्ड्यात काँक्रीटची पेटी ओततात. वर रुळांना आधार देतात, गाड्यांचा वेग उतरवतात. मग मागून हायड्रॉलिक जॅक लावून पेटी इंचाइंचाने भरावात ढकलतात आणि पुढून माती काढत जातात. १८५८च्या भरावात शिरून हे काम चालते, आणि वरून गाडी जातच असते.

पण पेटी आत गेली म्हणजे रस्ता झाला असे नाही. उतार सुरू व्हायच्या आधी रस्त्याला उंचवटा हवा, म्हणजे बाहेरचे पाणी आत वळणार नाही. उताराच्या तोंडाशी आणि तळाशी आडवी जाळीची गटारे हवीत, आणि त्या जाळ्यांवरचा प्लास्टिकचा कचरा काढायला पावसाळ्यात रोज माणूस हवा. सगळ्यात खाली पाणी गोळा करणारी टाकी, आणि वीज गेल्यावरही चालेल असा पंप. दौंडमध्ये मोठा पाऊस आणि वीज जाणे बहुधा एकदमच होते, म्हणून पंपाला विजेची दुसरी सोय ही चैन नाही.

आणि पंपाचे पाणी सोडायचे कुठे? शेवटी भीमेतच. इथे शिरूर तालुक्याचाही संबंध येतो. पावसाळ्यात पूरपत्रकात 'दौंड' म्हणून जो क्युसेकचा आकडा छापून येतो आणि ज्याकडे उजनी धरणाचे सगळे शेतकरी डोळे लावून बसतात, त्यात पुण्याहून आलेली मुळा-मुठा आहे. ती शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. शिरूरवरून आलेली घोडही दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. मावळात आणि आंबेगाव-जुन्नरात पडलेला पाऊस इथे मोजला जातो, दौंडला त्या दिवशी कोरडे असले तरी. त्यामुळे नदी चढलेली आणि वरून गावावर पाऊस, असा दिवस आला की गटाराचे नदीकडचे तोंडच बुडते. पाणी जायचे राहून उलटे यायला लागते. त्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारे झाकण हवे, आणि ते बंद असेपर्यंत पाणी धरून ठेवील एवढी मोठी टाकी मोरीपाशी हवी. पूरपत्रकातला दौंडचा आकडा पंप चालवणाऱ्या माणसाच्या भिंतीवर रोज सकाळी लिहिलेला असला पाहिजे.