१२७ दात्यांचं चाक

मंडळी, गेल्या पावसाळ्यात मी एक लेथ विकत घेतला. इतिहास आणि मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर हा उद्योग कशाला करावा, हा प्रश्न तुमच्या मनात येण्याआधी आमच्या घरात विचारून झालाय. "पंख्याचं बटण बदलायला माणूस बोलवावा लागतो तुम्हाला," असं सौ. म्हणाली. खरंच आहे ते. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची शेड आहे. एका संध्याकाळी रस्त्यात भेटला. पाया पडला आणि म्हणाला, "सर, आमच्या शेजारचा कारखाना बंद झाला. सोन्यासारखा लेथ चाललाय बघा भंगारात. किलोवर." आवाजात असं काही होतं, की घरातलं कोणीतरी चाललंय. मी सहज बघायला गेलो. गंजलेला, तेलाच्या चिकट्याने माखलेला, वर रंगाचे चार थर. एका कोपऱ्यात त्याने नखाने रंग खरवडला तेव्हा पितळी पट्टी दिसली. मायसोर किर्लोस्कर, हरिहर.

भंगारवाल्याने ४०,००० सांगितले. मी देतो म्हणालो. का म्हणालो, ते पुढे येईल.

मी पस्तीस वर्षं तह, लढाया आणि सनावळ्या शिकवल्या. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की वाफेचं इंजिन सांगायचं आणि पुढे जायचं. पण त्या इंजिनाचे गोल भाग कोणी, कशावर कातले, हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी विचारलं. लेथ घेतल्यावर वाचायला लागलो.

खराद आपल्याला नवा नाही. सावंतवाडीची लाकडी फळं, खेळणी खरादावरच उतरतात. पण तिथे हत्यार माणसाच्या हातात असतं. लोखंडाला हात पुरत नाही. हत्यार यंत्रातच घट्ट धरून सरळ रेषेत सरकवायचं, ही युक्ती काहींनी आधीही केली होती. तिला पूर्ण रूप दिलं इंग्लंडच्या हेन्री मॉड्स्लेने, साधारण १८०० च्या सुमारास. हा १७७१ सालचा जन्म, बाराव्या वर्षी वुलिचच्या तोफखान्याच्या कारखान्यात कामाला लागलेला. पुढे कुलपं करणाऱ्या जोसेफ ब्रामाकडे गेला आणि त्याचा उजवा हात झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळायचे. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने झिडकारली, आणि हा बाहेर पडून स्वतःचं दुकान थाटून बसला.

त्याच्या लेथची गंमत अशी. एक लांब स्क्रू बेडच्या कडेने जातो. तो फिरला की हत्यार सरकतं. जॉब आणि हा स्क्रू यांच्यामध्ये दातेरी चाकं असतात. चाकं बदलली की हत्यार सरकण्याचा वेग बदलतो, आणि हवे तसे आटे पाडता येतात. म्हणजे एका चांगल्या स्क्रूवरून शेकडो चांगले स्क्रू! त्याआधी एका कारागिराचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याचा भरवसा नव्हता.

मला जास्त भावलं ते वेगळंच. मॉड्स्लेचा कारखाना ही एक शाळाच होती. वाफेचा घण करणारा नॅस्मिथ तिथला. बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडवणारा क्लेमेंट तिथला. आणि व्हिटवर्थही तिथलाच, ज्याने १८४१ मध्ये सगळ्या देशात आटे एकाच मापाचे असावेत असं मांडलं. बाराव्या वर्षी कामाला जुंपलेल्या माणसाचे हे विद्यार्थी. माझ्यासारख्या मास्तराला जरा खजील करणारीच यादी.

आपल्याकडे हे वारं आणणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर ठळक. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा हा माणूस १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढतो, १९०३ मध्ये लोखंडी नांगर करतो. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, तुंगभद्रेच्या काठी हरिहरला लेथ करणारा कारखाना सुरू झाला. आता तो बंद आहे, पण त्याची यंत्रं कुठे कुठे अजून फिरतायत. आमच्या कोल्हापुरात तर १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने सिनेमाचा कॅमेराच घरी तयार केला. त्यातली फिरती कामं लेथवाचून झाली असतील असं मला वाटत नाही.

असो. लेथकडे येतो.

सहा महिने लागले. आधी रॉकेलने सगळे भाग धुतले. हे काम मात्र मी केलं. शेडमधली पोरं हसत होती. मग बेड तपासला. चकाजवळ काम जास्त होतं, त्यामुळे तिथेच बेड झिजतो. झीज किती? मिलिमीटरचे बारा शतांश. दोन केसांएवढी! डोळ्यांना काही दिसत नव्हतं; त्याने फक्त बोट फिरवलं आणि म्हणाला, "हितं खड्डा हाय सर." डायल गेज लावल्यावर तिथेच काटा हलला. बेड ग्राइंडिंगला दिला. वरचं सॅडल मात्र त्याने हाताने बसवलं. निळा रंग लावायचा, बेडवर घासायचं, जिथे डाग उमटेल तो उंचवटा पातीने खरवडायचा, पुन्हा निळा. आठ दिवस हेच. यंत्राचा सरळपणा शेवटी माणसाच्या हातातून येतो, हे मला त्या आठ दिवसांत कळलं.

मग अडलो चाकांपाशी. हा लेथ इंचाचा. त्याच्या स्क्रूला एका इंचात चार आटे. आपला देश १९५८ पासून मीटर-किलोवर जायला लागला. त्याच्या आदल्या वर्षी नवे पैसे आले होते, पाठ केलेली पावकी-निमकी हळूहळू निरुपयोगी झाली, ते मला आठवतंय. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं चाक लागतं. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. एका बाजूला ४० दाते, दुसऱ्या बाजूला १२७, की बरोबर दोन मिलिमीटरचा आटा. नेमकं तेच चाक हरवलेलं.

"नवीन पाडतो," तो म्हणाला. पण १२७ ही मूळ संख्या. नेहमीच्या पद्धतीने वर्तुळाचे तेवढे समान भाग पडत नाहीत. त्याने डिव्हायडिंग हेड लावलं, वहीत आकडेमोड केली आणि मला समजावलं, "१२७ जमत नाही ना, मग १२० जमतंय असं धरायचं. चूक होणार. ती चूक बाजूच्या गिअरनं हळूहळू भरून काढायची. शेवटच्या दात्याला हिशेब बरोबर."

मंडळी, हा मुलगा नववीत गणितात नापास झाला होता. मी वर्गशिक्षक होतो. प्रगतिपुस्तक देताना भर वर्गात म्हणालो होतो, "जन्मभर लेथ फिरवशील!" वर्ग हसला होता. १९८६ ची गोष्ट. भंगारवाल्याला मी हो म्हणालो, त्यामागे ते वाक्य होतं.

चाक बसवलं, पहिला आटा पडला, नट अलगद फिरला. तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, मी तुला एकदा वर्गात..." त्याने पुढे बोलूच दिलं नाही. "आठवतंय की सर. फिरवला की." आणि हसला. मला बरं वाटलं. क्षमा मिळाली असं वाटलं.

चहा पिताना विचारलं, "मुलगा येतो का शेडवर?" तो म्हणाला, "नाही सर. त्याला म्हणतो, नीट अभ्यास कर, नाहीतर लेथ फिरवशील."

माझंच वाक्य. दुसऱ्या पिढीत पोचलेलं. आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

लेथ त्याच्याच शेडमध्ये आहे, कामालाही लागलाय. रविवारी सकाळी मी तिथे असतो. तेल घालतो, लोखंडाचा कीस झाडतो. मागच्या रविवारी त्याच्या मुलाला मुद्दाम बोलावून ते चाक दाखवलं आणि म्हणालो, "हे तुझ्या वडिलांनी केलंय. दाते मोज." त्याने मोजले. १२६ आले. पुन्हा मोजायला बसला.